भरल्या हातांची चौकशी

"पुरावा कुठे आहे?" असं कुणी विचारलं की आजही माझं डोकं फिरतं. एका बाईचा पुरावा मी स्वतः पुसून टाकला आहे, ह्याच हातांनी, आणि तोही मायेपोटी. त्याचा राग मला जमादारावर आहे, साहेबावर आहे आणि माझ्यावरही आहे. कुणावर जास्त, ते अजून ठरलेलं नाही.

आम्ही मण्यार. बांगड्या भरणं हा आमचा पिढीजात धंदा. माझा नवरा मलकापूरच्या ठोक दुकानातून माल आणायचा आणि मी टोपली डोक्यावर घेऊन उंद्रीच्या आसपासची खेडी फिरायची. घरात आमची उर्दू, गल्लीत वऱ्हाडी, आणि बापाने चौथीपर्यंत मराठी शाळेत बसवलं म्हणून लिहायला ही भाषा. तेव्हा वऱ्हाड प्रांत नागपूरच्या सरकारला जोडलेला होता. पण नागपूर कुणी पाहिलं होतं? आमच्यासाठी सरकार म्हणजे ठाण्यावरून घोड्यावर बसून येणारा जमादार.

धंद्यातल्या दोन गोष्टी आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एक म्हणजे बांगडी मनगटाला बसती भरायची. वावरात राबणारी बाई, सैल बांगडी विळ्याला अडकते, दगडावर आपटते. माझ्या सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की सैल बांगडी भरणारी मण्यारीण घरी बसलेली बरी. हात दाबून, सांधे मऊ करून, तेलाचं बोट लावून मी अशी बांगडी चढवायची की ती पुन्हा काढायची झाली तर फोडूनच काढावी लागेल. दुसरी गोष्ट म्हणजे काच हातात फुटली तर ती फक्त मनगट कापत नाही, मनगट धरणाऱ्याचा तळहातही कापते. माझ्या दोन्ही तळहातांवर त्याच्या बारीक पांढऱ्या कमानी आहेत. धंदा म्हटला की हे आलंच.

तर ते कपाशीच्या वेचणीचे दिवस होते. मोठ्या साहेबांचे दौरे थंडीतच निघायचे, आणि दौरा निघाला की त्यांचे तंबू, पेट्या, खाटा वाहायला गावोगावच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, धरल्या जायच्या. फुकट. कुणी नाही म्हणायचं नाही, अशी रीत पडून गेली होती. एका गावातल्या एका शेतकऱ्याने मात्र नाही म्हटलं. त्याचा कापूस बंडीत भरून तयार होता, खामगावच्या बाजाराला निघायचं होतं. तो जमादाराला म्हणाला, "साहेब, चार दिवसानं या, मंग देतो." एवढंच बोलला. शिवी नाही, आवाज चढवणं नाही.

जमादार हसला आणि गेला. तिसऱ्या दिवशी दोन शिपाई घेऊन तो त्याच्या दारात उभा. म्हणे पलीकडच्या गावात पितळेची भांडी चोरीला गेलीत, या घराची झडती घ्यायची. दुपारची वेळ. तो शेतकरी वावरात, सासू मागच्या अंगणात शेंगा वाळत घालत होती, आणि दारात उभी होती त्याची बायको. लग्नाला तीनच वर्षं झालेली, वीसेक वर्षांची सून. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "मालक वावरात गेले हायेत. ते आल्यावर या. दोन मानसं सोबत आना अन् खुशाल पाहा."

काय चुकीचं बोलली? घरात पुरुष नाही, दोन माणसं साक्षीला घेऊन या, एवढंच तर म्हणाली. कायदाही तेच सांगतो, हे मला पुढे गावच्या मास्तरांनी सांगितलं. जमादाराने तिचं उजवं मनगट धरलं, पिरगाळलं आणि तिला उंबऱ्यावरून खेचून अंगणात काढलं. त्याच्या मुठीत तिच्या बांगड्यांचा चुरा झाला.

आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. सवाष्णीच्या हातची बांगडी फुटली हे शब्द तोंडातून काढायचे नसतात. मी मात्र इथे तसं लिहिणार नाही. ती फोडली होती.

घरात त्यांना काही सापडलं नाही. सापडणार कुठून? ज्वारीची कणगी उपडी करून, अंथरुणं अंगणात फेकून ते निघून गेले. मी तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे होते. शेजारची बाई धावत आली, "भाभी, चाल लवकर, टोपली घेऊन चाल." मी गेले तर सून ओट्यावर बसलेली, उजवा हात मांडीवर, मनगटाच्या आतल्या बाजूला तीन ठिकाणी कापलेलं, आणि हात मोकळा. नवरा जिवंत असताना हात मोकळा. सासूचं सगळं लक्ष त्या मोकळ्या हातावर. रक्तावर नाही, हातावर. ती मला म्हणाली, "बाई, माह्या सुनेचा हात असा नोको ठेवू. पोरगा वावरातून यायच्या आत भर."

आणि मी भरला. कसा भरला तेही सांगते. आधी माझ्या ओढणीच्या टोकाने तिचं रक्त पुसलं. हळद लावली. मग तेल लावून, जखमेला धक्का लागू नये म्हणून एकेक बांगडी श्वास रोखून चढवली. हिरव्या, बसत्या, चांगल्यातल्या. वर एक आपल्याकडची जास्तीची घातली, दृष्ट लागू नये म्हणून. पैसे विचारलेसुद्धा नाहीत. तोवर सासूने अंगणातले सगळे तुकडे वेचले, पदरात घेतले आणि नाल्यात सोडून आली, कारण सवाष्णीच्या अंगणात ते पडू द्यायचे नसतात. शेजारणीने अंगण सारवून घेतलं. सगळं आवरलं तेव्हा सासूने मला गूळपाणी दिलं आणि माझे हात हातात घेतले. मला वाटलं, आज आपण पुण्याचं काम केलं.

तीन बायांनी मिळून जमादाराचं काम केलं होतं. त्याने पैसे देऊन माणसं लावली असती तरी इतकं साफ झालं नसतं.

तो शेतकरी संध्याकाळी आला. सगळं ऐकलं, जेवला नाही. सकाळी उठून मास्तरांकडे गेला आणि जिल्ह्याच्या साहेबाला अर्ज लिहवून घेतला. मास्तर भला माणूस. त्याने आधीच बजावलं, "हे पहा, फिर्याद खोटी ठरली तर तुझ्यावरच खटला भरतील. कैद होऊ शकते." तो म्हणाला, "खोटी कशी ठरंल? माह्या बायकोचा हात हाये ना." अंगठा उठवून तो घरी आला. तेव्हापासून त्या घराचा जीव त्या एका मनगटावर टांगलेला होता.

अर्ज पोहोचला, आणि बाराव्या दिवशी चौकशीला एक साहेब आले. देशीच होते, चष्मेवाले, हळू बोलणारे. गावाला वाटलं, चला, आपल्याकडे कुणीतरी पाहिलं. पण त्यांची खाट चावडीत कुणी टाकली? जमादाराने. दूध कुणी पाठवलं? जमादाराने. साक्षीदारांना बोलावणं कुणी केलं? त्याच दोन शिपायांनी, जे त्या दिवशी अंगणात उभे होते. ज्याच्यावर फिर्याद, तोच चौकशीची सरबराई करतो, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शेजारच्या बाईने, जिने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, सकाळीच माहेरची वाट धरली. मी तिला दोष देत नाही. तिच्या नवऱ्याचीही बंडी होती.

चावडीत साहेब टेबलामागे बसले होते. जमादार बाजूला, पाय पसरून. पानाचं तबक फिरलं तेव्हा त्याने डाव्या हाताने विडा उचलला. सासू माझ्या कानाशी म्हणाली, "पाह्य, कसा मस्तवाल हाये, डाव्या हातानं घेते." मलाही तेच वाटलं. उजवा हात त्याने पूर्ण वेळ मूठ करून मांडीखाली दाबून धरला होता. मी पाहिलं होतं, बरं का. या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पोलीस पाटील म्हणाले, आपण त्या दिवशी दुसऱ्या गावी होतो. शिपाई म्हणाले, बाईला कुणी हात लावला नाही, जमादारसाहेबांनी तर तिला ताई म्हणून हाक मारली. ताई! मग सुनेला पुढे बोलावलं. साहेबांनी विचारलं, "बांगड्या फुटल्या म्हणता. कुठल्या हातातल्या?"

तिने उजवा हात पुढे केला. त्यात माझ्या हिरव्या बांगड्या खच्चून भरलेल्या, एकाला एक लागून. उन्हाची तिरीप आली होती, चांगल्या चमकत होत्या. साहेब चष्म्यावरून पाहत राहिले. "ह्या तर शाबूत आहेत."

"त्या नव्या हायेत, साहेब. भाभीनं भरल्या."

"कधी?"

"तवाच. त्याच दिशी."

"आणि जुन्यांचे तुकडे?"

सासू म्हणाली, "नाल्यात सोडले."

जमादार हसला. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "आजीबाई, तक्रार करायची होती तर तुकडे जपून ठेवायचे. नाल्यात टाकायला कुणी सांगितलं होतं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी साक्षीदारांच्या यादीत नव्हते, तरी उठले. म्हटलं, "साहेब, तुमच्या घरच्या बाईसाहेबांच्या हातची बांगडी गेली तर त्या हात मोकळा ठेवून साहेबलोकांची वाट पाहत बसतील का? का आधी मण्यारणीला बोलावतील?"

साहेब रागावले नाहीत, हे कबूल केलं पाहिजे. ते म्हणाले, "बाई, मला रीत माहीत आहे. पण मी कागदावर रीत लिहू शकत नाही. पुरावा लिहू शकतो. जखम झाली म्हणता, ती दाखवा."

जखम होती ना! खपली धरली होती, पण होती, माझ्याच बांगड्यांच्या खाली. माझी टोपली आणि तेलाची कुपी त्या दिवशी घरीच राहिली होती. मी म्हटलं, तेल द्या, साबण द्या, जरा वेळ द्या, मी एकेक करून उतरवते. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पुढच्या मुक्कामाला निघायचं होतं. तरी हो म्हणाले. जमादाराने आपल्या शिपायाला तेल आणायला पाठवलं. तो शिपाई गेला तो आलाच नाही. गावात घरोघर तेल, पण त्याला म्हणे वाटीभर तेल सापडेना. मी कोरड्या हाताने बांगडी वर सारायला गेले तर ती बोटाच्या पेरभरही हलेना. किती बसत्या भरल्या होत्या मी! माझ्या कसबाचा मला कधी तिटकारा आला असेल तर तो त्या वेळी.

साहेब म्हणाले, "निघत नसतील तर राहू द्या. जखम दिसली नाही असं लिहितो."

तसं लिहिलं असतं तर फिर्याद खोटी, आणि खोटी म्हणजे तिच्या नवऱ्याला कैद. हे तिला कळत होतं. तो चावडीच्या पायरीखाली उभा होता, टोपी हातात घेऊन. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि चावडीच्या दगडी खांबावर उजवा हात आपटला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. सासूने पदरात तोंड लपवलं. सवाष्ण बाई, नवरा समोर उभा, आणि चार पुरुषांत ती आपल्या हाताने आपल्या बांगड्या फोडत होती. शेवटची उरली तीही तिने फोडली. मग तो हात तिने साहेबांच्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "घ्या. पाहा."

जुन्या तीन खपल्या तिथे होत्या. पण त्यांच्यावरून आता ताजं रक्त वाहत होतं. मी पुसायला पुढे झाले तर जमादार ओरडला, "हात लावू नका." बारा दिवसांपूर्वी हे कुणी मला म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं. मी साहेबांना खपल्या बोटाने दाखवल्या. ही जुनी, ही जुनी, ही नवी. ते वाकून पाहत होते. मग त्यांनी पुष्कळ वेळ लिहिलं, आणि आम्हाला वाचून दाखवलं. फिर्यादीच्या बायकोने आमच्या समक्ष स्वतःच्या हाताने बांगड्या फोडून जखम करून घेतली. सबब मागची जखमही तशीच झाली नसेल असं सांगता येत नाही.

असं त्यांनी लिहिलं. जखम दाखव म्हणून तेच म्हणाले, आणि दाखवली तर तीच तिची लबाडी झाली. माणूस इतक्या हळू आवाजात, इतक्या सभ्यपणे इतकी नीच गोष्ट वाचू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

वर मेहेरबानी अशी की खटला भरला नाही. तिच्या नवऱ्याने माफीनामा लिहून द्यायचा, एवढ्यावर मिटवलं. त्याने अंगठा दिला. आणि संध्याकाळी साहेबांची खाट, पेट्या आणि जमादाराचं गाठोडं पुढच्या मुक्कामाला गेलं ते कुणाच्या बंडीतून, हे सांगायला नको. चौकशीपायी बाजाराला न गेलेला कापूस घरात उतरवून त्याने बंडी रिकामी केली आणि स्वतः हाकत गेला.

सुनेने त्यानंतर उजवा हात भरून घेतला नाही. मनगटाला हळदीचा दोरा बांधला आणि डाव्या हातातल्या बांगड्यांवर दिवस काढले. सासूने किती विनवण्या केल्या, मी दोनदा गेले. ती म्हणायची, "राहू दे, भाभी."

पुढे जमादाराची बदली झाली. शिक्षा म्हणून म्हणाल तर नाही हो. रेल्वेच्या गावाला, मोठ्या ठाण्यावर, जिथे जायला ही माणसं धडपडतात. जायच्या आधी तो बायकोला घेऊन उंद्रीच्या बाजाराला आला. मी माझ्या जागी पाल टाकून बसले होते. त्याने मला ओळखलं नाही. माझ्यासारखीला ते कशाला लक्षात ठेवतील? त्याची बायको समोर बसली, मवाळ चेहऱ्याची, तिने हात माझ्या हातात दिला. मी एक बांगडी चढवली. तो वरून रंग निवडत होता. त्याने एक लाल बांगडी उचलली आणि उजेडात धरून पाहिली, उजव्या हाताने.

त्याचा तळहात माझ्या डोळ्यांसमोर आला. त्यावर तीन कमानी होत्या, अजून गुलाबी.

मी विचारलं, "जमादारसाहेब, हे कशानं लागलं?"

"बंडीचा खिळा लागला," तो म्हणाला.

"खिळ्यानं सरळ ओरखडा निघतो. हे गोल हायेत." मी माझे दोन्ही तळहात उघडून त्याच्या बायकोसमोर धरले. "पाहा बाई, असे. बाईचं मनगट मुठीत दाबून बांगड्या फोडल्या की असे होतात."

शेजारचा अत्तरवाला, मिरचीवाल्या बाया, सगळे ऐकत होते. जमादार म्हणाला, "चूप बैस, मण्यारणी." त्याच्या बायकोने माझे हात पाहिले, मग त्याची मूठ पाहिली, जी आता बंद झाली होती. तिने आपला हात माझ्या हातातून काढून घेतला. "चला," एवढंच म्हणाली आणि ती एक बांगडी तशीच हातात ठेवून उठून चालू लागली. तो मागोमाग गेला.

मी खूश झाले. का नाही होणार? पाल गुंडाळली, टोपली उचलली आणि थेट त्या सुनेच्या घरी गेले. म्हटलं, आज हात भरल्याशिवाय मी जात नाही. तिनेही काय वाटलं कोण जाणे, हात पुढे केला. मी तेल लावता लावता तिला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. त्याचा हात कसा दिसला, मी काय म्हटलं, त्याची बायको कशी उठली. ती ऐकत होती. सांगून झालं तेव्हा म्हणाली, "भाभी, चावडीत तो मूठ दाबून बसला होता. म्या पाह्यलं. तूनं पाह्यलं?"

"हाव."

"मंग साहेबाले त्याचा हात उघडून पाहाले काऊन नाही सांगतलं?"

माझ्या हातातली बांगडी तिच्या सांध्यापाशी तशीच राहिली. साहेबांनी तिचा हात पाहिला, फुटलेल्या बांगड्या पाहिल्या, तेलाची वाट पाहिली. मी जखमा बोटाने दाखवल्या. सगळ्या गावाने एका बाईचं मनगट तपासलं. पोलिसाचाही हात पाहायचा असतो, हे साहेबांच्या मनात आलं नसेल तर नसो, पण काचेने कापलेले हात घेऊन जन्म घालवलेल्या माझ्या मनात कसं आलं नाही?

तीच म्हणाली, "भाभी, दांडग्या मापाच्या घे. सैल भर."

"काऊन?"

"पुढच्या खेपेले काढून दाखवता आल्या पाह्यजेत."

मी टोपलीतल्या बसत्या बांगड्या बाजूला ठेवल्या आणि मोठ्या मापाच्या शोधून तिच्या हातात घातल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला सैल बांगड्या भरल्या. तिने हात खाली सोडून पाहिला, त्या घसरत बोटांपर्यंत आल्या, आणि ती म्हणाली, "हाव, अशाच."